बत्तीस दात, सी ड्राइव्हमध्ये

सोमवार, ३

परीक्षा संपली!!! ही वही फिजिक्सच्या जर्नलसाठी आणली होती. फिजिक्स माझ्या आयुष्यातून गेलं, वही उरली, म्हणून आजपासून दैनंदिनी. (मराठीत लिहिणार. शाळेत मराठी आठवड्यातून तीनच तास होतं, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाबद्दल कुणी बोलायचं नाही. तसंही ही कुणी वाचणार नाहीये.)

सुट्टीत काय करायचं हा प्रश्न दुपारी बाराला पडला आणि सव्वाबाराला सुटला. खालून लॅबमधून आत्याची हाक आली, "अगं इंजिनिअर, खाली ये, हे काहीतरी लाल झालंय!"

माझी आत्या दात बनवते. हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग पटकन तोंड मिटतात. डॉक्टर लोक पेशंटच्या तोंडाची मापं पाठवतात, आत्या ती स्कॅन करते, कॉम्प्युटरवर दात डिझाइन करते, मग मिलिंग मशीन तो दात एका खडूसारख्या पांढऱ्या चकतीतून कोरून काढतं, आणि भट्टीत भाजला की तो असा कडक होतो की नंतर माणूस जातो, दात राहतो. हे शेवटचं वाक्य आत्याचं. घराच्या खालच्या दोन खोल्या म्हणजे लॅब, वरती आम्ही: आई, बाबा, मी, आणि रात्री झोपण्यापुरती आत्या.

तर लाल काय झालं होतं? डिस्क! काठोकाठ भरली, स्कॅनर बंद. मी आत डोकावले आणि मला अक्षरशः गरगरलं. सगळं सी ड्राइव्हमध्ये. विंडोज तिथेच, दातांचं सॉफ्टवेअर तिथेच, सहा वर्षांचे पेशंटचे जबडे तिथेच, बाबांच्या लग्नाचा व्हिडिओ (चार कॉपी, चौथीचं नाव 'फायनल खरंच फायनल'), पाचवीतली माझी हत्तीची चित्रं. एकाच खोलीत स्वयंपाक, अंघोळ आणि पाहुणे!

मी म्हटलं, "आत्या, मी ह्याची वाटणी करून देते. सी म्हणजे सिस्टीम, कॉम्प्युटरचं स्वतःचं. डी म्हणजे आपलं. उद्या विंडोज मेलं तरी आपलं सगळं डीमध्ये सुखरूप."

"किती दिवस लागतील?"

"दहा. फार तर बारा."

आत्यानं कॅलेंडर पाहिलं. "शुक्रवार एकवीस. त्याच्या आत माझं एक काम पुरं व्हायलाच हवं. त्याला धक्का लागला तर मी तुझ्या बत्तीशीला धक्का लावीन."

"कुठल्या डॉक्टरांचं काम?"

"आहे एक," म्हणाली आणि मायक्रोस्कोपमध्ये डोळा घातला.

मॉनिटरखाली अजून माझी पाटी चिकटवलेली आहे! दहा वर्षांची असताना लावली होती. 'विंडोज फोल्डरला हात लाऊ नये. लावल्यास कॉम्प्युटर मरेल. हुकुमावरून.' आठ वर्षं कुणी तिला हात लावला नाही, ना पाटीला, ना फोल्डरला. मी लहानपणापासूनच किती दूरदर्शी होते!

मंगळवार, ४

पार्टिशन केलं. सी बारीक झाला, शेजारी कोरा करकरीत डी उगवला. रिकामा! मी नुसती बघत बसले. आत्या म्हणाली, "चमचा आणून देऊ का, चाखून बघतेस?"

अकराला पार्सलकाका आले. त्यांचं खरं नाव मला आठवत नाही, चार वर्षं आम्ही हेच म्हणतो. सकाळी अकराला मापांचे डबे आणून देतात, संध्याकाळी पाचला तयार दात घेऊन जातात. उंच आहेत, दारातून येताना वाकतात आणि वाकल्यावर लगेच सरळ होत नाहीत, आधी काउंटरवरच्या पटाकडे बघतात.

पट म्हणजे बुद्धिबळाचा. सोंगट्या नाहीत, तर फुटलेले प्लास्टरचे दात, बाटल्यांची झाकणं आणि एक जुना स्क्रू. त्यांचा नियम असा: सकाळी अकराला काका एक चाल करणार, संध्याकाळी पाचला आत्या एक. बास. रोज एकच! एक डाव पाच-पाच महिने चालतो. मी म्हटलं, "ऑनलाइन खेळा ना, दहा मिनिटांत संपेल." दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी म्हटलं, जेवता कशाला, सलाईन लावा.

"हा डाव संपवायला हवा, दातवाल्या बाई," काका म्हणाले. "एकवीसला माझा शेवटचा दिवस. बावीसपासून दुसरा माणूस येईल."

"पट इथेच राहील," आत्या म्हणाली.

"पट राहील हो," काका म्हणाले आणि उंट सरकवला. म्हणजे झाकण.

दोघंही पटाकडेच बघत राहिले. डाव अवघड जागी आलाय बहुतेक.

शनिवार, ८

तीन दिवस लिहिलं नाही कारण मी सुखात होते. सहा वर्षांचे जबडे डीमध्ये गेले, वर्षाप्रमाणे, डॉक्टरांप्रमाणे. सगळ्याची आणखी एक कॉपी बाहेरच्या डिस्कवर. लग्नाचे तीन व्हिडिओ उडवले. बाबा म्हणाले, "आमच्या संसाराला एक कॉपी पुरते होय?" आई म्हणाली, "एकसुद्धा जास्त आहे."

आज एक शोध लागला. फक्त कॉम्प्युटर नाही, जगातल्या प्रत्येक गोष्टीची अशी वाटणी होते! सिस्टीम म्हणजे जे मेलं तर बाजारातून नवीन आणता येतं. डेटा म्हणजे जे गेलं तर गेलंच. मी चिठ्ठ्या घेऊन घरभर फिरले. गॅस: सी. कुकर: सी. आईचे वहीतले स्वैपाकाचे कागद: डी. फ्रिज: सी. बाबांची खुर्ची: सी (बाबा म्हणतात डी, वाद चालू आहे). आईच्या कपाळावर सी लावायला गेले तर लाटणं उगारलं.

"मी बाजारातून नवीन मिळते काय गं?"

"नाही, पण तू बंद पडलीस तर घर चालूच होत नाही."

हे ऐकून आई जरा विरघळली. बाबांनी लगेच सगळ्या शेजाऱ्यांना सांगितलं की त्यांची बायको ऑपरेटिंग सिस्टीम आहे. बाबांना आम्ही रेडिओ म्हणतो. एखादी गोष्ट त्यांच्या कानावर गेली म्हणजे ती गावभर झाली. प्रेमळ आहेत, पण बंद व्हायचं बटण नाही.

मग उत्साहाच्या भरात मी लॅबसुद्धा आवरली. हत्यारं एका बाजूला, पेशंटचे डबे एका बाजूला. काउंटरवरचा कचरा, म्हणजे झाकणं, प्लास्टर, स्क्रू, एका डब्यात भरून वर लिहिलं: 'किरकोळ'.

सोमवार, १०

तो कचरा नव्हता. तो डाव होता.

काका दारातून वाकले आणि वाकलेलेच राहिले. रिकामं काउंटर. आत्या आतून आली, तिनं काउंटर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. पाच महिन्यांचा डाव!

पण मग काय झालं, तर आत्यानं डबा पटावर उपडा केला आणि दोघं मांडायला लागले. एक झाकण तिनं ठेवलं, एक प्लास्टर त्यांनी. स्क्रूवर दोघांचे हात एकदम गेले, मग दोघांनीही मागे घेतले, मग स्क्रू मीच ठेवला. "एक घर डावीकडे," दोघं एकदम म्हणाले.

दोन मिनिटांत डाव जसाच्या तसा! मी थक्क. म्हटलं, "तुम्ही दोघांनी बॅकअप ठेवलाय की काय डोक्यात?"

काका म्हणाले, "इंजिनिअर साहेब, दिवसात एकच चाल करायची असली की उरलेला वेळ तीच आठवण्यात जातो."

केवढी मेमरी वाया जाते माणसांची.

मंगळवार, ११

आपलं सगळं डीमध्ये झालं. आता सी. सीमध्ये आठ वर्षांचा गाळ आहे, नुसता झाडून जाणार नाही. शुक्रवारी सी पुसायचा आणि विंडोज नव्यानं घालायचं. दातांच्या सॉफ्टवेअरचं डोंगल (पेनड्राइव्हसारखी किल्ली, तिच्याशिवाय ते उघडत नाही) काढून ठेवलं, स्कॅनरच्या कॅलिब्रेशनची फाइल डीमध्ये घेतली (हे नव्याण्णव टक्के लोक विसरतात, मी नाही).

पुसण्याआधी शेवटचं म्हणून विंडोजच्या फोल्डरमध्ये फेरफटका मारला. जुनं शहर सोडून जाताना फिरतात तसा. सिस्टीम थर्टीटू नावाच्या फोल्डरात हजारो फायली असतात, कुणालाच माहीत नसतं कोण काय करते, आणि तरी सगळं चालतं. त्याच्या आत एक फोल्डर सापडलं, नाव नुसतं '32'. आत मोजून बत्तीस फायली, आणि नावं नुसते आकडे. अकरापासून अठरापर्यंत, एकवीस ते अठ्ठावीस, असे. काय शिस्त आहे! थर्टीटूच्या आत थर्टीटू. अर्थात उघडून पाहिलं नाही. पाटी माझीच आहे शेवटी.

शुक्रवार, १४

आज!!!

सकाळी आत्या एका डॉक्टरांकडे कवळी बसवायला निघाली होती. चप्पल घालता घालता विचारलं, "सगळं घेतलंस ना नीट?"

"आपलं सगळं. दोनदा."

"आणि विंडोजचं?"

"ते नवीन येणार, त्याची काळजी सोड."

"नवीन म्हणजे जे आहे ते तसंच राहणार ना?"

"अगदी तसंच! उलट जास्त चांगलं!"

"मग ठीक," म्हणाली आणि गेली. तिच्या डोळ्यांत माझ्याबद्दल इतका विश्वास होता की मला रडू आलं असतं, पण वेळ नव्हता.

फॉरमॅटचं बटण दाबलं. आमची डिस्क नव्या पद्धतीची आहे, एसएसडी, दोन वर्षांपूर्वी मीच हट्टानं घ्यायला लावली. ती पुसलेलं खरंच पुसते. चार सेकंद! आठ वर्षांचा गाळ चार सेकंदांत!

शनिवार, १५

नऊ सेकंद. बटण दाबल्यापासून चालू व्हायला नऊ सेकंद! आधी चार मिनिटं लागायची, आत्या तेवढ्यात चहा करून यायची. बाबा शेजारच्या दोघांना घेऊन आले, घड्याळ लावलं, मी कॉम्प्युटर सात वेळा बंद-चालू केला, सातही वेळा टाळ्या. स्कॅनर चालू, डोंगल ओळखलं, जबडे सगळे जागेवर. आत्या कवळीच्या दुरुस्तीसाठी पुन्हा बाहेर गेली होती. उद्या तिला लग्नाला जायचंय, तर सोमवारी बघेल. मी मॉनिटर पुसून वर रिबीन बांधलीय.

मी ग्रेट आहे. हे फक्त इथेच लिहिते, बाहेर मी नम्र असते.

सोमवार, १७

मी ग्रेट नाही.

सकाळी खाली गेले तर आत्या खुर्चीवर बसली होती. काही करत नव्हती. आत्याला काही न करताना मी आयुष्यात पाहिलेलं नाही.

"इंजिनिअर," तिनं अगदी हळू विचारलं. "सिस्टीम थर्टीटूमध्ये बत्तीस नावाचं एक फोल्डर होतं."

मी म्हटलं, "ते... ते विंडोजचं होतं ना?"

"नाही. माझं होतं."

दोन वर्षं. दोन वर्षं दर रविवारी आत्या त्या फोल्डरात बुद्धिबळाच्या सोंगट्या डिझाइन करत होती! प्रत्येक सोंगटी एका दातावरून. वरचा जबडा म्हणजे एक सैन्य, सोळा दात. खालचा जबडा म्हणजे समोरचं सैन्य, सोळा. एकूण बत्तीस. आणि ते आकडे म्हणजे विंडोजचे कोड वगैरे काही नाही, दाताच्या लोकांत प्रत्येक दाताला नंबर असतो, तो. अकरा म्हणजे पुढचा वरचा. माझ्याच घरात मी अठरा वर्षं दातांमध्ये राहतेय आणि मला हे माहीत नाही. सगळ्या सोंगट्या ह्या आठवड्यात एकदम कोरून, भाजून, शुक्रवारी पार्सलकाकांना द्यायच्या होत्या. शेवटच्या दिवसाची भेट.

"पण मग डेस्कटॉपवर का नाही ठेवल्यास? असं आत, विंडोजमध्ये..."

"तुझ्या बाबांनी पाहिलं असतं. त्यांनी पाहिलं म्हणजे गल्लीनं पाहिलं." मग तिनं मॉनिटरखालच्या पाटीकडे बोट दाखवलं. "आणि ह्या घरात फक्त एकाच जागेला कुणी हात लावत नव्हतं. तूच लिहून ठेवलं होतंस."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं रिबीन सोडली, नीट गुंडाळली आणि ड्रॉवरमध्ये ठेवली.

अकराला काका आले. आत्यानं डबे घेतले. काका म्हणाले, "बाई, बरं नाही का?" ती म्हणाली, "प्लास्टरची धूळ." खोटं आहे, प्लास्टर मागच्या खोलीत असतं.

मंगळवार, १८

सकाळपासून चार वेगवेगळी रिकव्हरी सॉफ्टवेअरं लावून पाहिली. सापडलं काय, तर नावं नसलेले तुकडे आणि माझा हत्ती. बत्तीसमधलं एकही नाही. सिस्टीम म्हणजे जे बाजारातून नवीन आणता येतं, असं लिहिलं होतं मी. मान वर करून आत्याकडे बघवत नव्हतं. ती नेहमीसारखी दात करत होती. उलट मलाच म्हणाली, "जेव काहीतरी. फायली तोंडातून बाहेर नाही येणार."

प्रायश्चित्त म्हणून मिलिंग मशीन पुसायला घेतलं. भुकटी इतकी की मीच पिठात लोळल्यासारखी दिसत होते. मशीनला स्वतःचा छोटा स्क्रीन आहे, तो पुसताना बोट लागलं आणि जुन्या कामांची यादी उघडली. पेशंटचं नाव, पेशंटचं नाव, पेशंटचं नाव, मग नुसतं '14'. खाली परत नावं. मग '15'. तारीख पाहिली. रविवार. परत एक रविवार. परत एक.

लॅब रविवारी बंद असते.

"आत्या!" मी इतकी ओरडले की तिच्या हातातली कॅप उडाली. "तू ह्या सोंगट्या कधी मशीनवर काढल्या होत्यास?"

"मेणात. प्रत्येकीचा नमुना मेणात काढायचे, बघायचे, आणि परत वितळवायचे. तुझ्या बाबांच्या हाती लागायला नको म्हणून."

"मशीन विसरलेलं नाही!!!"

कारण मशीनला स्वतःचा मेंदू आहे! वेगळी डिस्क! तिथे आलेलं प्रत्येक काम ते ठेवून देतं, आणि मी सगळं घर पुसलं तरी मशीनपर्यंत पोचले नव्हते! (ते माझ्या यादीत पुढच्या सोमवारी होतं. बाप रे.)

आम्ही एकेक आकडा मोजला. आत्या दाताचा नंबर सांगणार, मी शोधणार. अकरा आहे. बारा आहे. सदतीस आहे. मी उड्या मारत होते, आत्यानं मला दंडाला धरून जागेवर ठेवलं होतं. एकतीस सापडल्या.

"अठ्ठेचाळीस?"

अठ्ठेचाळीस नाही. तो नमुना काढायचाच राहिला होता. खालच्या सैन्याचा राजा.

"अठ्ठेचाळीस म्हणजे कुठला दात?"

"अक्कलदाढ," आत्या म्हणाली, माझ्याकडे बघून. आणि मग ती हसायला लागली. इतकी हसली की चष्मा काढावा लागला, मग मीही, मग दोघी जमिनीवर, भुकटीत. "बरोबर," ती म्हणाली, "ह्या घरात तीच नेमकी कमी पडायची."

बुधवार, १९

मशीन गरगरतंय! एक सोंगटी म्हणजे पंधरा मिनिटं. मध्ये डॉक्टरांच्या कॅपा, मध्ये सोंगट्या. वरच्या सैन्याला ए-वन रंगाची चकती, म्हणजे जाहिरातीतल्या दातांसारखी पांढरी. खालच्याला सी-फोर, म्हणजे आयुष्यभर काळा चहा प्यायलेल्यांची. दुपारी एक अडचण. मशीनमधली कामं मेणासाठी होती, आणि मेण भट्टीत जात नाही. ही चकती भाजली की आकसते, जवळजवळ पाचवा भाग, म्हणून दात मुळातच मोठे कोरतात; ह्या सोंगट्या तशा नव्हत्या.

"लहान होतील," मी म्हटलं. माझा चेहरा पडला.

आत्यानं एक प्यादं बोटांत धरून पाहिलं. "लहान होतील," ती म्हणाली. "म्हणजे शर्टाच्या खिशात मावतील."

तिला हे जास्तच आवडलं असं वाटलं. का ते कळलं नाही, पण मी विचारलं नाही, मी सध्या प्रश्न विचारण्याच्या लायकीची नाही.

संध्याकाळी काकांनी जाताना विचारलं, "आज मशीन फार चाललंय?" मी म्हटलं, "एका तोंडात बत्तीसच्या बत्तीस करायचेत." ते म्हणाले, "अरेरे, बिचारा."

गुरुवार, २०

राजा.

पुन्हा कॉम्प्युटरवर डिझाइन करायला तीन रविवार लागतील, आत्या म्हणाली. मग तिनं कपाटातून एक लाकडी पेटी काढली. आत कोरायची हत्यारं, तिच्या शिकतानाची, मुठी झिजलेल्या. कॉम्प्युटर यायच्या आधी ती प्रत्येक दात मेणात हातानं कोरायची! स्पिरिटचा दिवा, हिरवं मेण, एक थेंब चढवायचा, एक कपटा उतरवायचा. मी शेजारी बसून बघत होते. तिचे हात असे चालत होते की मला नऊ सेकंदांचं कौतुक जरा कमी झालं. जराच.

आणि नेमके बाबा खाली उतरले! मी धावले, दारात आडवी उभी राहिले. "बाबा, आत जायचं नाही! अपडेट चालू आहे! श्वाससुद्धा घ्यायचा नाही!"

"कॉम्प्युटर तर बंद दिसतोय."

"म्हणूनच!"

बाबांनी माझ्या डोक्यावरून आत पाहिलं. आत्या पाठमोरी, दिव्यावर वाकलेली. टेबलावर दोन्ही सैन्यं रांगेत. बाबा बराच वेळ बघत होते. मी जीव मुठीत धरून वाट पाहत होते की आता रेडिओ लागणार. पण ते मागे वळले. हळूच वर गेले, आणि थोड्या वेळानं दोन कप चहा दाराबाहेर ठेवून, दार लोटून घेऊन गेले. आईलासुद्धा काही सांगितलं नाही, मी चौकशी केली. बरं नसेल त्यांना.

चार वाजता राजा झाला. मी स्कॅन केला, मशीननं सी-फोरमध्ये कोरला, सगळ्यांबरोबर भट्टीत. आत्या म्हणाली, "तापमान हळूहळू चढवते ही, घाई केली तर तडे जातात."

शुक्रवार, २१

बत्तीसच्या बत्तीस, एकालाही तडा नाही!!!

आत्यानं त्या मापांच्या डब्यात ठेवल्या, नेहमीच्याच, निळ्या. वर पेशंटच्या नावाच्या जागी काही लिहिलं नाही. काका अकराला आले. नवीन शर्ट. आज डबे द्यायचे नव्हते, फक्त सही घ्यायची होती. आत्यानं निळा डबा पुढे केला.

"हे कुठल्या डॉक्टरांकडे?"

"कुठल्याच नाही. इथेच उघडायचंय."

काकांनी उघडलं. एक उचलली, उजेडात धरली, ठेवली. दुसरी. मला वाटलं, आता 'वा' म्हणतील, 'छान' म्हणतील. काही नाही! मी अस्वस्थ होऊन सांगायला लागले की पहिल्या एकतीस मशीनच्या डिस्कवरून आल्या आणि सी ड्राइव्ह पुसल्यामुळे, पण आत्यानं माझ्या पायावर पाय दिला.

काकांनी राजा हातात घेतला. अंगठा फिरवला. "हा बाकीच्यांसारखा नाही."

"हातानं केलाय."

"कळतंय."

मग त्यांनी झाकणं आणि स्क्रू बाजूला केले आणि त्या जागी एकेक सोंगटी मांडली. डाव तोच, फक्त आता खरा. मांडून झालं आणि ते नुसते उभे राहिले.

"चाल करा," आत्या म्हणाली. "तुमची पाळी आहे."

"केली तर तुम्ही पाचला कराल. मग माझी परत उद्या येते."

"येते."

"उद्या माझं काम नाही इथे."

"मला माहीत आहे," आत्या म्हणाली.

काकांनी घोडा उचलला आणि ठेवला. ठेवायला खूप वेळ लावला. मग रजिस्टरवर सही न घेताच निघाले, मला हाक मारून परत बोलवावं लागलं, आणि परत येताना वाकायला विसरून चौकटीवर डोकं आपटलं. चार वर्षांत पहिल्यांदा!

सोमवार, २४

नवीन पार्सलवाला पावणेअकराला येऊन गेला. बरा आहे, घाईत असतो. आणि अकराला पार्सलकाका! पार्सल नाही काही नाही. सवयीनं आले असतील बिचारे. शनिवारीही आले होते म्हणे. आज तर चक्क आतल्या खुर्चीवर बसले, चहा घेतला, आणि आत्याला म्हणाले, "चल, तुझी चाल." तू! नोकरी सुटली की माणसं मॅनर्स विसरतात. मी आत्याकडे पाहिलं, पण ती रागावली नाही, तिनं वजीर सरकवला. सकाळी अकराला! नियम तोडून!

बाबा जिन्यात उभे होते. मी म्हटलं, "बाबा, सगळ्यांना सांगायचं नाही हां, आत्याचं बुद्धिबळ." ते म्हणाले, "बुद्धिबळाबद्दल मी एक शब्द बोलणार नाही," आणि शीळ घालत वर गेले.

दुपारी शेवटचं काम. मशीनमधल्या एकतीस आणि राजाचा स्कॅन, सगळं एकत्र करून '32' नावाचं नवीन फोल्डर केलं, दोन बॅकअप घेतले. आत्याला म्हटलं, "डीमध्ये आत, खूप आत ठेवते. पासवर्ड घालते. बाबांचे वाडवडील आले तरी सापडणार नाही."

"नको," आत्या म्हणाली. "डेस्कटॉपवर ठेव."

"डेस्कटॉपवर? समोरच?"

"मधोमध."

"अगं पण सगळ्यांना दिसेल!"

"दिसू दे."

मी कपाळावर हात मारून घेतला. तीन आठवडे मी ह्या घराला काय शिकवलं? डेस्कटॉप दिसायला समोर असला तरी राहतो कुठे? सी ड्राइव्हमध्ये! म्हणजे पुन्हा तेच, सगळ्यात आपलं असलेलं सगळ्यात धोक्याच्या जागी! मी तिला हे आकृती काढून समजावलं. ती पटाकडे बघत 'हं, हं' करत होती. शेवटी म्हणाली, "ते तुझं तू बघ. मला ते समोर हवंय."

बघितलं. वीस मिनिटं लागली, पण जमतं. आता समोर दिसणारं सगळं मनापासून आपलं आहे, आणि विंडोज शंभर वेळा मेलं तरी त्याला धक्का नाही.

मी आख्खा डेस्कटॉपच उचलून डीमध्ये नेला. आणि ती पाटी काढून टाकली.